नान एकदम मागवू नका

मंडळी, पत्रिकेवर आजचा विषय छापलाय, ‘मोठ्या भारतीय रेस्टॉरंटमध्ये जेवावं कसं आणि बिल वाचावं कसं’. बिलाकडे येणारच आहे. पण आधी नानबद्दल बोलू द्या. माणशी दोन-अडीच हजार मोजून वातड नान चावत बसलेलं टेबल दिसलं की जीव तुटतो. आणि बहुतेक वेळा यात भटारखान्याचा दोष नसतो, आपण ऑर्डर देतो त्या पद्धतीचा असतो.

तंदूरची भिंत चारशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेली असते. कारागीर गोळा हातानं थापतो, कापडी गादीवर ताणतो आणि गादीसकट आत हात घालून भिंतीला चिकटवतो. मिनिट-दीड मिनिटात नान फुगतो, वर काळे ठिपके उमटतात. मग दोन सळया घेऊन, एकीनं खरवडत आणि दुसरीच्या आकड्यात पकडत, तो वर काढतात. त्या क्षणी नान जसा असतो, तसा पुन्हा कधीच नसतो. तळ कुरकुरीत, आत वाफ. पुढच्या चार-पाच मिनिटांत ती वाफ बाहेरच्या पापुद्र्यात उतरते आणि कुरकुरीतपणा जातो. निवत गेला की मैद्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होऊ लागतो, आणि मग दातांना ओढ बसते. टोपलीत फडक्याखाली झाकून ठेवलात तर वाफ कोंडून खालचा नान ओलसर होतो, उघडा ठेवलात तर सुकतो. वरून लोणी फासलं तर थोडा वेळ निभतं, एवढंच. तंदुरी रोटीचं याहून कठीण. ती कणकेची, खमीर नसलेली, त्यामुळे आणखी लवकर कडक होते. रुमाली रोटी तर उलट्या कढईवर मिनिटभरात होते आणि तितक्याच लवकर कडेनं वाळायला लागते.

आता आपण काय करतो ते बघा. चार जण बसलेत. ‘दोन बटर नान, दोन गार्लिक नान, दोन रोट्या, एक लच्छा पराठा.’ कॅप्टन, म्हणजे ऑर्डर घेणारा मुख्य वेटर, सगळं एकाच केओटीवर, म्हणजे भटारखान्यात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर लिहितो, तंदूरवर ते एकदम लागतं आणि टेबलावर एकदम येतं. भाज्या वाढायच्या, फोटो काढायचे, कुणी फोनवर बोलतंय, त्याची वाट बघायची. पहिला नान संपेपर्यंत दुसऱ्याला टोपलीत बारा-पंधरा मिनिटं झालेली असतात. समोर बसलेल्यांपैकी किती जणांनी असं केलंय? हात वर करा. बघा, सभागृह भरलंय!

म्हणून कॅप्टनला स्पष्ट सांगायचं, ‘भाज्या टेबलावर आल्या की फक्त दोन नान आणा, चार-चार तुकडे करून. बाकीचे होल्डवर ठेवा, आम्ही सांगू तेव्हा लावा.’ तो केओटीवर होल्ड लिहितो. त्याला यात नवीन काही नाही. चौघांना दोन-दोन गरम तुकडे मिळतात. शेवटचे दोन तुकडे उरले की पुढचे दोन नान सांगायचे, कारण पीठ तयार असतं आणि गर्दी नसेल तर पाचेक मिनिटांत नान येतो. वेटरला फेऱ्या माराव्या लागतील म्हणून संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. पण अशा ठिकाणी आपण पैसे मोजतो ते या फेऱ्यांचेच. पदार्थ वेळेवर टेबलावर येणं, हीच तर तिथली चैन.

ओघात आलंय म्हणून सांगतो, नानला काटा-सुरी लावू नका. दिल्लीच्या आयटीसी मौर्यमधल्या ‘बुखारा’त गळ्यात अॅप्रन बांधतात आणि हातानं जेवायला लावतात. परदेशी पाहुणेही तिथे हातानंच जेवतात. आपण का लाजायचं?

वेळेचं हेच गणित कबाबाला लागू आहे. काकोरी किंवा गलावटी कबाबाच्या खिम्यात चरबी मुद्दाम घातलेली असते, मऊपणात तिचाही वाटा असतो. पण मटणाची चरबी कोमट होताच थिजायला लागते आणि टाळूला चिकटते. म्हणून तीन प्लेट कबाब एकदम मागवू नका. एक संपत आली की दुसरी सांगा, आणि ताटल्या गरम करून मागा. एसीतल्या गार ताटलीवर कबाब दोन मिनिटांत निवतो. तंदुरी चिकनला मात्र घाई करू नका. ते पाऊण शिजवून बाहेर काढतात, रस निथळू देतात, लोणी लावून पुन्हा आत सोडतात. हे नीट व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. पाच मिनिटांत आलं तर ते आधीच भाजून ठेवलेलं असतं. धागे कोरडे लागले की ओळखावं.

दम बिर्याणी घ्यायची असेल तर ती स्टार्टरबरोबरच सांगून ठेवा. कणकेनं तोंड बंद केलेली हंडी टेबलावरच उघडायला सांगा. वाढणाऱ्यानं चमचा कडेनं थेट तळापर्यंत घालायला हवा, म्हणजे मसाला आणि भात दोन्ही थर ताटात येतात. वरवरचा भात पहिल्यांना आणि मसाला शेवटच्यांना, असं होता कामा नये. दमाची ही रीत मोठ्या हॉटेलांत रुजवणाऱ्या इम्तियाज कुरेशींना २०१६ साली पद्मश्री मिळाली. भटारखान्यातल्या माणसाचा असा सन्मान झाला, याचं मला फार अप्रूप आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, सात मिनिटं उरलीत. ग्रेव्ही आणि बिल भराभर घेतो.

अनेक भटारखान्यांत तीन-चार मूळ ग्रेव्ह्या असतात. टोमॅटो-लोण्याची मखनी, पांढरी काजूची, तपकिरी कांद्याची. बटर चिकन आणि पनीर मखनी दोन्ही मागवलंत तर एकच रस्सा दोनदा घेतलात. ‘यातलं कुठलं स्वतंत्र बनतं?’ असं विचारा. चांगला कॅप्टन खरं सांगतो.

बिलात तीन ओळी बघा. पहिली जीएसटी. स्वतंत्र रेस्टॉरंटला ५ टक्के. साडेसात हजारांच्या वर खोलीभाडं घेणाऱ्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटला १८ टक्के. मेन्यूतला भाव तोच असला तरी बिल वेगळं होतं ते इथे. दुसरी ओळ मद्याची. त्यावर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो, म्हणून ती वेगळी धरलेली हवी. तिसरी सर्व्हिस चार्ज. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तो परस्पर बिलात लावता येत नाही, दुसऱ्या नावानं घेता येत नाही आणि त्याच्यावर जीएसटीही लावता येत नाही. २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानं या सूचना वैध ठरवल्या. हिशेब करा. ५,००० रुपयांचं जेवण, ५ टक्के जीएसटी, बिल ५,२५०. त्यात १० टक्के सर्व्हिस चार्ज घालून वर जीएसटी लावला की ५,७७५. फरक ५२५ रुपयांचा. सर्व्हिस चार्ज काढायला सांगा, आवाज न चढवता, पैसे देण्यापूर्वी. नाही काढला तर बिलाचा फोटो घ्या आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा. आणि ज्या वेटरनं नान चार फेऱ्यांत गरम आणून दिला, त्याच्या हातात टीप द्या, शक्यतो रोख.