कुंडीतलं पान, झाडावरचं पान

(दृश्य: कणकुंबीजवळचा रस्ता, मुसळधार पाऊस)

हे कणकुंबी. मलप्रभा इथे उगम पावते. आषाढात खानापूर तालुक्याच्या या पश्चिम टोकाला पाऊस असा धरतो की उन्हाची तिरीप दिसत नाही. त्याच दिवसांत, त्याच बेळगाव जिल्ह्यात, अथणीकडचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. ही दोन टोकं लक्षात असू द्या, पुढे कुंडीपाशी त्यांचं काम पडणार आहे.

(दृश्य: बुंध्यावर चढलेली वेल; कॅमेरा खालून वर)

हा गणेशकंद. अळूच्या कुळातला, आपल्या सह्याद्रीतलाच. जमिनीलगतची पानं बघा, अखंड आणि साधी. आता वर बघा. पान मोठं होत गेलंय, कडा चिरल्यात, मधल्या शिरेजवळ भोकं पडलीत. वेल एकच!

किडीनं खाल्लं असेल, असं कुणालाही वाटेल. पण याच कुळातल्या मॉन्स्टेरा या शोभेच्या वेलीवर अभ्यास झालाय. पान सुरळीसारखं गुंडाळलेलं असतानाच ठरावीक ठिपक्यांतल्या पेशी मरतात, आणि पान वाढेल तसा तो ठिपका भोक होऊन पसरतो. म्हणजे पान उलगडतं तेच भोकासकट. कशासाठी? 2013 साली क्रिस्टोफर म्यूर या संशोधकानं एक तर्क मांडला. दाट रानात ऊन कवडशांनी येतं. तेवढ्याच पेशी भोकं ठेवून मोठ्या जागेवर पसरल्या, तर एखादा तरी कवडसा हमखास सापडतो. तर्कच आहे, पण या रानात उभं राहिलं की पटतो.

गंमत अशी की मेक्सिकोकडच्या मॉन्स्टेरासाठी आपण नर्सरीत खुशाल पैसे मोजतो, आणि जांबोटीच्या वाटेवर गणेशकंदाकडे ढुंकूनही बघत नाही.

(दृश्य: टिळकवाडीतली गॅलरी, लोंबता मनी प्लँट, मग आंब्यावर चढलेला मनी प्लँट)

गॅलरीतून लोंबणारा हा मनी प्लँट मूळचा पॅसिफिक महासागरातल्या मोरेआ बेटाचा. इथे पान तळहाताएवढं. आणि परड्यातल्या आंब्यावर चढलेल्या त्याच वेलीचं पान हातभर, वर चिरलेलं. खताचा यात फारसा हात नाही. मुळांना धरायला खोड मिळालं की पान थोराड होतं. लोंबत ठेवली की वेल बारीक पडते, पानं लहान, दोन पानांतलं अंतर लांब. कुंडीत आपण तिचं बालपणच सांभाळत बसतो. मोठं पान हवं असेल तर काथ्या गुंडाळलेली काठी रोवा आणि ती ओली ठेवा. अथणीकडे मात्र चैत्रात एवढ्यानं भागत नाही. कोरड्या वाऱ्यानं पानाच्या कडा करपतात. तिथे कुंडी न्हाणीघराजवळच बरी.

(दृश्य: रस्त्याकडेचा पेव; रुखाळू)

हे पेव. पानं खोडाभोवती गोल जिन्यासारखी चढत जातात, त्यामुळे वरचं पान खालच्यावर थेट सावली धरत नाही. आणि फांदीच्या बेचक्यात बसलेला तो रुखाळू. त्याच्या उभ्या दांड्यांवर बारीक कंदिका धरतात. त्यांना आकडे असतात, जनावराच्या केसांत अडकून त्या दुसऱ्या झाडावर पोचतात.

दोघांचंही पंचांग पावसाचं. पाऊस सरला, थंडी सुरू झाली की वरचं सगळं वाळतं. इथेच बागप्रेमींची धांदल उडते. झाड मेलं समजून पाणी ओततात, आणि कंद कुजतो. वाळलेलं कापून टाका, कुंडी सावलीत ठेवा, पाणी जवळजवळ बंद. वळवाचे दोन पाऊस झाले की कोंब स्वतःहून वर येतात.

भीमगड अभयारण्यातून मात्र रोप उपटून आणू नका, तो गुन्हा आहे. खानापूरकडे ज्यांच्या कुंपणाला पेव आहे, त्यांच्याकडे मागा. गड्डा विभागून देणं सोपं असतं, आणि नाही कुणी म्हणत नाही.