हेवर्डची थकबाकी

श्रोतेहो, नमस्कार. तुमच्यापैकी कुणाचा मुलगा, कुणाची भाची कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला असेल. त्या गावाखालून हेवर्ड भ्रंश जातो. जमिनीतली ही खोल भेग. तिच्या दोन्ही बाजू एकमेकींना घासत सरकतात.

जवळच्याच हेवर्ड शहरात रोझ आणि प्रॉस्पेक्ट या रस्त्यांच्या कोपऱ्यावर फुटपाथची कड होती. सरळ बांधलेली, पण भ्रंशावरच. मिलिमीटर-मिलिमीटरने तिचे दोन तुकडे बाजूला होत गेले. भूगर्भशास्त्रज्ञ सत्तरच्या दशकापासून तिचे फोटो काढत होते. 2016 साली पालिकेने रस्त्याचं काम काढलं आणि ती कड उखडून नवी, सरळ बांधून दिली! अभ्यासक हळहळले. पालिकेला तरी काय बोलणार?

तसंही, कड फक्त वरचं सांगते. काही किलोमीटर खाली खडक सरकतोय की अडकलाय, हे कळायला भ्रंशाच्या दोन्ही बाजूंना जवळ-लांब जीपीएसची कायमची केंद्रं लागतात. आपला मोबाइल जागा सांगताना काही मीटर चुकतो. इथे अँटेना पोलादी पायांवर, जमिनीत खोल रोवलेली. उपग्रहाच्या सुमारे 19 सेंटिमीटर लांबीच्या लहरीचा अपूर्णांकसुद्धा मोजायचा, हवेतल्या बाष्पाने संदेशाला झालेला उशीर वजा करायचा, दिवसभराच्या नोंदींतून एक जागा काढायची. असं वर्षानुवर्षं केलं की मिलिमीटर दिसू लागतात.

मग या केंद्रांच्या वेगांचा नकाशा बोलतो. भ्रंश मोकळा सरकत असेल तर त्याच्या अल्याड-पल्याडच्या केंद्रांच्या वेगात एकदम फरक पडतो. अडकला असेल तर जमीन कित्येक किलोमीटरपर्यंत हळूहळू वाकत जाते. मला विचाराल तर काळजी सरकणाऱ्या जमिनीची नाही, न सरकणाऱ्या जमिनीची करावी.

हेवर्ड भ्रंशाची दीर्घकालीन चाल वर्षाला साधारण नऊ मिलिमीटर. वर दिसते ती बऱ्याच ठिकाणी पाचच्या आसपास. उरलेली थकबाकी. जिथे खडक पुरता अडकलाय, तिथे नऊचे नऊ थकतात. तिथला शेवटचा मोठा भूकंप 21 ऑक्टोबर 1868 चा. म्हणजे अशा जागी सव्वा मीटरहून जास्त साचलंय.

ही थकबाकी भूकंपाने कधी वसूल होणार, ती तारीख जीपीएस देत नाही. तेव्हा फ्रीमॉन्टला फोन कराल तर एवढं विचारा: पाणी तापवायची टाकी भिंतीला पट्ट्यांनी बांधलीये ना? तिथे तसा कायदाच आहे. नमस्कार.