दीर्घिका नव्हे, त्यांच्यामधला वायू मोजा

मंडळी, दीर्घिकासमूह म्हटला की छायाचित्रातले शेकडो ठिपके, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या दीर्घिका, डोळ्यांसमोर येतात. पण त्या समूहाचे वजन काढायला बसलात, तर तारे चिल्लर ठरतात. त्यांच्या कित्येक पट द्रव्य दीर्घिकांमधल्या, रिकाम्या वाटणाऱ्या जागेत वायूच्या रूपात असते आणि त्याहून कितीतरी जास्त असते कृष्णद्रव्य. कृष्णद्रव्य दिसत नाही. पण त्याच्या ओढीने आत कोसळणारा वायू कोट्यवधी अंशांपर्यंत तापतो आणि क्ष-किरण सोडू लागतो. विश्वाची घडण कळायला दीर्घिका मोजण्यापेक्षा हा वायू शोधावा, असे माझे मत आहे. अर्थात पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेतल्या शास्त्रज्ञांचा सरस्वती महासमूह, म्हणजे समूहांचाही समूह, २०१७ मध्ये दीर्घिकांच्या नकाशातूनच हाती लागला, हे मला मान्य आहे.

अडचण एवढीच, की आपले वातावरण क्ष-किरण गिळून टाकते. ते बरेच आहे, नाहीतर हे व्याख्यान ऐकायला कोणी उरले नसते. म्हणून दुर्बीण वर न्यावी लागते. १९७० मध्ये केनियाच्या किनाऱ्याजवळून सुटलेल्या उहुरू या उपग्रहाने साऱ्या आकाशातले क्ष-किरणांचे ३३९ स्रोत नोंदवले. १९९० च्या जर्मन रोसॅट उपग्रहाने लाखाच्या वर मजल मारली. (हा रोसॅट २०११ मध्ये कोसळला तो बंगालच्या उपसागरात!)

आणि मग आली ईरोसिटा. गार्शिंगच्या माक्स प्लांक संस्थेने बांधलेली ही दुर्बीण रशियन यानावर बसून १३ जुलै २०१९ ला बायकोनूरहून निघाली आणि पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर जाऊन स्थिरावली. तिचे आरसे मुद्दाम सांगण्यासारखे आहेत. साध्या आरशावर समोरून पडलेला क्ष-किरण परत फिरत नाही, आतच जिरतो. पण तळ्यावर तिरकी भिरकावलेली खापरी जशी टप्पे खात जाते, तसा घासून गेलेला किरण थोडासा वळतो. त्यामुळे इथले आरसे ताटलीसारखे नसून नळीसारखे आहेत. सोन्याचा मुलामा दिलेली ५४ कवचे एकात एक बसवलेली, आणि असे सात संच. यान चार तासांत स्वतःभोवती एक गिरकी घेई. सहा महिन्यांत सगळे आकाश नजरेखालून जाई.

पहिल्या फेरीतल्या अर्ध्या आकाशातच सुमारे नऊ लाख स्रोत निघाले. बहुतेक दूरची महाकाय कृष्णविवरे, पण दीर्घिकासमूहही १२ हजारांच्या वर.

मागच्या रांगेतून रास्त प्रश्न आला आहे: एकामागे एक असलेल्या दीर्घिका आपल्याला उगाच एकत्र दिसत नाहीत कशावरून? दृश्य प्रकाशात तसा घोटाळा होतो. वायूचे तेज मात्र घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून दाटलेला खरा गाभाच उठून दिसतो. तो किती लांब आहे हे मात्र क्ष-किरण सहसा सांगत नाहीत; त्यासाठी जमिनीवरच्या दुर्बिणींनी टिपलेले दीर्घिकांचे रंग लागतात. वस्तुमान कळते ते समूहामागच्या दीर्घिकांचा प्रकाश किती वाकला यावरून.

असे ५,२५९ समूह घेऊन फेब्रुवारी २०२४ मध्ये हिशेब मांडला गेला. विश्वाच्या एकूण ऊर्जेत द्रव्याचा वाटा, कृष्णद्रव्य धरून, २९ टक्के निघाला. तो वैश्विक पार्श्वभूमी प्रारणावरून, म्हणजे विश्वाच्या बाल्यातल्या उरलेल्या प्रकाशावरून, काढलेल्या आकड्याशी जुळतो. त्याआधीच्या काही पाहण्यांत द्रव्य अपेक्षेपेक्षा कमी गोळा झालेले दिसत होते. इथे तसे दिसले नाही. वाद मिटला असे मी म्हणणार नाही, पण पारडे झुकले.

समूहांना जोडणारे वायू आणि कृष्णद्रव्याचे लांबच लांब तंतू हा खरा कठीण भाग. तिथला वायू विरळ आणि त्या मानाने थंड, त्यामुळे उजेड जेमतेम. एबेल ३३९१ आणि ३३९५ या समूहांच्या परिसरातला सुमारे पाच कोटी प्रकाशवर्षांचा तंतू दिसला, पण असे भाग्य विरळाच. एरवी हजारो तंतूंची चित्रे एकावर एक रचावी लागतात, तेव्हा कुठे खूण मिळते. म्हणूनच आकाशाच्या आठ फेऱ्या ठरल्या होत्या. चार झाल्या, पाचवी चालू होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि जर्मनीने दुर्बीण थांबवली. आकाशाची वाटणी तर आधीच झालेली होती: अर्ध्या भागातली निरीक्षणे जर्मन शास्त्रज्ञांची, उरलेल्या अर्ध्यातली रशियनांची.