काळा दगड काळाच दिसावा

[दृश्य: सकाळ. कृष्णेचा घाट, ओल्या पायऱ्या.]

वाईहून तीनेक किलोमीटरवर, कृष्णेच्या काठाला मेणवली. नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा इथे अजून उभा आहे. वाड्यामागे उतरलं की हा घाट, काळ्या पाषाणाचा, पायरीपायरीने पाण्यात गेलेला.

[फोटो: तोच घाट, फिकट राखाडी.]

या घाटाचा मी काढलेला हा पहिला फोटो. फोकस नीट आहे, चौकटही बरी आहे. पण दगड बघा, राख फासल्यासारखा. कॅमेरा ऑटोवर होता, आणि कितीतरी दिवस मला वाटत होतं की लेन्सच बदलायला हवी.

लेन्सचा काहीच दोष नव्हता. कॅमेऱ्यातल्या मीटरला दगड कळत नाही, भिंत कळत नाही. ते फक्त उजेड मोजतं, आणि समोरचं सगळं मिळून मध्यम करडं असणार असं धरून चालतं. काळ्या दगडाने चौकट भरली की त्याला वाटतं उजेड कमी पडतोय, म्हणून ते जास्तीचा उजेड आत घेतं. चुन्याच्या भिंतीपुढे याच्या उलट, पांढरी भिंत मळकट होते. कॅमेऱ्यावर अधिक-उण्याची खूण असलेलं बटण असतं ते यासाठीच. मी उणे एक केलं. म्हणजे उजेड निम्मा.

[फोटो: घाट, आता काळाभोर.]

दगड काळा झाला, आणि पायरीवरची ओल चमकायला लागली.

[दृश्य: वाड्याचा चौक. मग ओसरी, मग माजघर.]

आता आत. अकराच्या सुमाराला चौकात कडक ऊन. आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील, छिद्र म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडं (एफचा आकडा लहान तितकं ते मोठं), आणि शटर म्हणजे उजेड किती वेळ आत येतो. आयएसओ 100, छिद्र एफ 8, तर शटर 1/400 सेकंद. तिथून ओसरी ओलांडून माजघरात गेले. बाकी सेटिंग तेच, पण शटर मागतंय पूर्ण एक सेकंद. चार पावलांत उजेड चारशे पटींनी उतरला! डोळे थोड्या वेळात सरावतात, म्हणून हा फरक आपल्याला जाणवतच नाही.

सेकंदभर कॅमेरा हातात स्थिर राहत नाही. आयएसओ 1600 केला की शटर 1/15 वर येतं. छिद्र एफ 4 पर्यंत उघडलं की 1/60. आता हातात धरून फोटो निघतो. पण आयएसओ वाढला की अंधारात दाणे दिसायला लागतात, आणि छिद्र मोठं झालं की जवळचा खांब स्पष्ट आला तर मागची तुळई धूसर होते. सागाच्या ज्या रेषा बघायला इथवर आले, त्याच हरवतात. म्हणून मी ट्रायपॉड लावते, आयएसओ 100 वरच ठेवते आणि तो एक सेकंद श्वास रोखून उभी राहते. भिंतीवरच्या जुन्या चित्रांपुढे फ्लॅश कायम बंद.

[दृश्य: ओसरीतून दिसणारा उन्हातला चौक.]

ओसरीत बसून चौकाचा फोटो घेणं सगळ्यात अवघड. एकदा तीन फोटो काढले, उणे दोन, शून्य, अधिक दोन, आणि जोडले. अगदी कोपऱ्यातला कोनाडाही लख्ख दिसला. पण वाडा ओळखू येईना. जाड भिंती, लहान खिडक्या, आतला तो गारवा, हे सगळं त्या अंधारातच होतं. मला तो पुसायचा नाही. आता मी उंबऱ्यावर पडलेल्या उन्हाला धरून एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, ठरवते आणि आतलं काळोखात राहू देते. पांढरं जळून गेलं की त्यातलं काही परत येत नाही. काळोखातलं मात्र रॉ फाइलमधून, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या नोंदीतून, बरंचसं वर काढता येतं.

[दृश्य: घाटावरची घंटा.]

एका ठिकाणी मात्र मी उलट केलं. घाटावरची ही घंटा चिमाजी अप्पांच्या 1739 च्या वसई मोहिमेतून आलेली, पोर्तुगीज चर्चमधली. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू कोरलेले आहेत. मागे उघडं आकाश, त्यामुळे दर वेळी नुसती काळी आकृती यायची. शेवटी स्पॉट मीटरिंग घेतलं, म्हणजे फक्त एका ठिपक्यापुरता उजेड मोजायचा, तो ठिपका थेट धातूवर ठेवला, आणि आकाश जळू दिलं.

[फोटो: घंटेचा जवळून घेतलेला भाग.]

सहाव्या प्रयत्नात कोरीवाच्या कडेवर उजेडाची बारीक रेघ आली, आणि बाळ आईपासून वेगळं दिसलं.