स्पर्धकच परीक्षक असतील तर

इराक युद्धाच्या आगेमागे अमेरिकेत राजकीय ब्लॉगांचं पेव फुटलं. त्यातल्या उजव्या विचारांच्या डझनभर लोकांनी एक मंडळ चालवलं, वॉचर्स कौन्सिल. नियम मोजकेच. दर आठवड्याला प्रत्येकाने स्वतःचा एक लेख सुचवायचा आणि मंडळाबाहेरच्या कुणाचा एक. मग दोन्ही याद्यांतून त्या आठवड्याचे सर्वोत्तम लेख निवडायला सगळ्यांनी मतं द्यायची. स्वतःला मत द्यायचं नाही. आणि जो मतदानच करणार नाही, त्याच्या बेरजेतून दोन तृतीयांश मत वजा.

हा शेवटचा नियम शिस्तीचा वाटतो, पण आहे हिशेबाचा. समजा, 12 जण आहेत; पहिल्या पसंतीला 2 गुण, दुसरीला 1. म्हणजे प्रत्येक मतपत्रिका 3 गुण वाटते, आणि सभासदांच्या यादीत ते सगळे प्रतिस्पर्ध्यांच्याच पदरात पडतात. मग मत न देणारा आपोआप फायद्यात! त्याला इतरांचे गुण मिळतात, त्याच्याकडून कुणाला काही जात नाही. म्हणून दंड किमान पहिल्या पसंतीइतका, म्हणजे 2 गुण हवा; मतपत्रिकेच्या 3 गुणांतले 2, तेच ते दोन तृतीयांश मत. त्याहून कमी ठेवलात, तर चुरशीच्या आठवड्यात नेमके आघाडीवरचेच लोक ‘कामात अडकले’ म्हणून गैरहजर राहतील.

आता साटंलोटं पाहू. 12 जण मिळून 36 गुण वाटतात. सरासरी माणशी 3. चौघांनी कंपू केला आणि या आठवड्यात आपल्यातला एक निवडला, तर उरलेल्या तिघांच्या पहिल्या पसंतीने त्याचे 6 गुण झालेच. सरासरीच्या दुप्पट, तेही त्याचा लेख कुणी न वाचता. बाहेरच्या आठ जणांपैकी दोघांना तो खरोखर आवडला, की बक्षीस जवळपास खिशात. पुढच्या आठवड्यात पाळी दुसऱ्याची. ‘अहो रूपम् अहो ध्वनिः’ म्हणायला यात कुणाला लाजही वाटत नाही, कारण एकेका आठवड्याचा निकाल सुटा पाहिला तर त्यात काहीच वावगं दिसत नाही.

म्हणून तपासणी जोड्यांची करायची. दोन-तीन महिन्यांचे आकडे घ्या. ‘अ’ने ‘ब’ला किती गुण दिले आणि बाकीच्यांनी ‘ब’ला सरासरी किती दिले, हे शेजारी मांडा. यूरोव्हिजनच्या गाण्यांच्या स्पर्धेत 2022 साली अशाच तुलनेने चोरी पकडली गेली. दुसऱ्या उपांत्य फेरीत अझरबैजान, जॉर्जिया, माँटेनेग्रो, पोलंड, रोमानिया आणि सॅन मारिनो या सहा देशांच्या परीक्षक मंडळांनी एकमेकांना वर चढवलं होतं. बाकीच्या मंडळांनी त्याच गाण्यांना बरंच खाली ठेवलं होतं. त्या सहांचे गुण बाद करून त्यांच्या जागी इतर देशांच्या मतांवरून काढलेले गुण धरले गेले. पण तिथेच ग्रीस आणि सायप्रस वर्षानुवर्षं एकमेकांना 12, म्हणजे सर्वाधिक गुण देत आले आहेत, आणि ते कारस्थान नव्हे. भाषा एक, आवड एक. राजकीय लेखकांत हा फरक ओळखणं आणखी अवघड. एकाच मताचे लोक एकमेकांचे लेख मनापासूनही उचलून धरतात.

दुसरा घोटाळा वाचनाचा. दोन्ही याद्या मिळून 24 लेख. स्वतःचा वगळला तरी 23. हजार-हजार शब्दांचे धरले तर आठवड्याला 23 हजार शब्द. एवढं कोण वाचतो? यादीतले वरचे पाच-सहा वाचले जातात, उरलेल्यांत ओळखीचं नाव शोधलं जातं. यादीचा क्रम प्रत्येक मतदारासाठी वेगळा पिसून पाठवला, तर निदान वरच्या जागेचा फुकटचा फायदा जातो. चिलीतल्या आल्मा दुर्बिणीने तर गठ्ठाच वाटून टाकला. 2021पासून तिथे निरीक्षणासाठी दुर्बिणीचा वेळ मागणारेच एकमेकांचे बहुतेक अर्ज तपासतात, आणि एका अर्जामागे 10 अर्ज वाचावे लागतात. तेवढे माणूस नीट वाचू शकतो.

खगोलशास्त्रातलीच आणखी एक युक्ती आहे. खगोलशास्त्रज्ञ मेरिफील्ड आणि गणितज्ञ सारी या दोघांनी 2009मध्ये सुचवलं की ज्याची क्रमवारी एकूण निकालाशी जुळेल, त्याच्या स्वतःच्या अर्जाला थोडं बक्षीस द्यावं. मग प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम तळाला ढकलणं महागात पडतं. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने 2013मध्ये एका छोट्या विभागात हे करूनही पाहिलं. राजकीय लेखनात मात्र ही युक्ती आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दुर्बिणीच्या अर्जांबाबत जाणकारांचं साधारण एकमत होऊ शकतं. राजकारणात बहुमताशी जुळवून घेण्याला बक्षीस ठेवलंत, तर आपल्याच गटाला टोचणारा लेख कुणी वर ठेवणार नाही. आणि असे मंडळ चालवायचे तर तोच लेख सापडायला हवा. त्यापेक्षा बाहेरच्या लेखाच्या यादीला अट घाला: तीन आठवड्यांतून एकदा तरी विरोधी बाजूचा लेख सुचवलाच पाहिजे.

मतं उघड ठेवावीत की गुप्त? मोजणी चालू असताना गुप्त, निकालाबरोबर सगळी उघड. आधी उघडलीत तर शेवटी मत देणारा राजा होतो. कधीच उघडली नाहीत तर वरची जोड्यांची तपासणी सभासदांना करता येत नाही. आणि बरोबरी कशी सोडवायची, ते पहिल्या मतदानाआधीच लिहून ठेवा. लहान मंडळात बरोबरी वारंवार होते. संयोजकाने ती सोडवायची असेल, तर त्या आठवड्यात त्याचा स्वतःचा लेख स्पर्धेत नसावा.