आकाशबेटांवरचे नाचरे कोळी

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातलं टूसॉन शहर म्हणजे सग्वारो निवडुंगांचा मुलूख. शेजारच्या सांता कॅटालिना डोंगराचा घाट चढू लागलं की मात्र ओकची झाडं सुरू होतात आणि २,७९१ मीटर उंचीच्या माउंट लेमनजवळ पाइन आणि फरचं दाट रान लागतं. दक्षिण ॲरिझोनात असे कितीतरी डोंगर सुटेसुटे उभे आहेत, मध्ये रखरखीत सपाटी. अभ्यासक त्यांना आकाशबेटं म्हणतात.

इथल्या ओकच्या रानात हॅब्रोनॅटस प्युजिलिस राहतो. जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा, जाळं न विणता झेप घेऊन शिकार करणारा कोळी. मादी दिसली की नर पाय उचलून नाचतो, शिवाय जमिनीतून तिच्यापर्यंत कंपनं पाठवतो. सांता रिटा डोंगरातल्या नराचा चेहरा आणि नाच एक, अटास्कोसातल्याचा दुसराच. माद्या मात्र सगळीकडे जवळपास सारख्या. आणि जात एकच!

ही फारकत कधी झाली? याचा सुगावा उंदरांच्या मुतात लागतो. पॅकरॅट नावाचे उंदीर कपारीत काड्या, पानं, बिया साठवतात आणि त्यावरच मुततात. ते सुकून घट्ट होतं, आतली पानं हजारो वर्षं टिकतात. कार्बन-१४ वरून त्यांचं वय काढलं, तेव्हा कळलं की हिमयुगात आजच्या निवडुंगांच्या जागी ओक, ज्युनिपर आणि पिन्यन पाइन होते. म्हणजे तेव्हा ही बेटं नव्हतीच, कोळ्यांना या डोंगरावरून त्या डोंगरावर जायला रान होतं. सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी हिमयुग सरलं. पुढे हवा कोरडी होत गेली, रान उतारावर वर सरकलं, त्याबरोबर कोळीही.

पण नुसत्या ताटातुटीने इतक्या झपाट्याने रूप बदलतं का? सुझन मास्टा आणि वेन मॅडिसन या कोळ्यांच्या अभ्यासकांनी २००२ मध्ये दाखवलं, की पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया या ऊर्जा पुरवणाऱ्या भागाच्या डीएनएपेक्षा नरांचं रूप लवकर वेगळं झालं. नुसत्या ताटातुटीने आपोआप होणारा बदल असता, तर रूप इतकं पुढे गेलं नसतं. हवामानाने फक्त वाटण्या केल्या. नर घडवले ते माद्यांच्या पसंतीने, आणि मला हेच जास्त पटतं.

ही पसंतीही भलतीच. प्रयोगशाळेत सांता रिटाच्या माद्यांनी आपल्या डोंगरातल्या नरांपेक्षा अटास्कोसाच्या परक्यांना अधिक सहज होकार दिला. तेव्हा पुढच्या हिमयुगात रानं पुन्हा खाली उतरली, तर आज वेगळे दिसणारे हे नर पुन्हा एकमेकांत मिसळून जाण्याची शक्यता बरीच आहे.