तक्रारीनंतरचा सोमवार

‘तक्रार कशी करावी’ यावर बोला, असं मला सांगण्यात आलं होतं. पण तक्रार करणं हा त्यातला सोपा भाग. तीन रात्री झोप लागत नाही, चौथ्या दिवशी मेल जातो, संपलं. खरं प्रकरण पुढच्या सोमवारी सुरू होतं.

माझा सोमवार सांगतो. आमच्या विभागातल्या एका सहकाऱ्याच्या प्रवासखर्चात एकाच तारखेची दोन वेगळ्या शहरांतली बिलं मला दिसली. मी वर कळवलं. सोमवारी कोणी ओरडलं नाही, धमकावलं नाही. मी आत शिरलो आणि बोलणं थांबलं, एवढंच. दुपारच्या बैठकीचा निरोप मला नव्हता, विचारलं तर “अरे, राहिलंच की!” महिन्याभरात कामाचा नवा ग्रुप निघाला, त्यात मी नव्हतो. जुन्या ग्रुपवर मी काही टाकलं की निळ्या खुणा यायच्या, उत्तर यायचं नाही. यातलं काहीही घरी सांगा, ऐकणारा म्हणणार, “एवढंच ना?”

त्या ‘एवढंच ना’मध्येच मेख आहे. स्वीडनमध्ये काम केलेले मानसशास्त्रज्ञ हाइन्त्स लेमान यांनी १९८०च्या दशकात अशा वागण्याचा अभ्यास केला आणि ४५ प्रकारांची यादी केली. बोलू न देणं, वाळीत टाकणं, अफवा, निरर्थक कामं. एकेक प्रकार किरकोळ. आठवड्यातून निदान एकदा आणि निदान सहा महिने हे चाललं, तर त्याला त्यांनी ‘मॉबिंग’ म्हटलं. शब्द मुळात पक्ष्यांचा. दिवसाढवळ्या घुबड दिसलं की लहान पक्षी मिळून त्याच्यावर तुटून पडतात, त्याला मॉबिंग म्हणतात. हे वाचलं तेव्हा मला माझे सहकारी जरा कळले. त्यांच्या लेखी घुबड तो बिलंवाला नव्हता, मी होतो. आज त्याची बिलं पाहिली, उद्या आमची पाहील! त्यामुळे त्रास देणारे सगळे दुष्टच असतात असं मला वाटत नाही. बरेचसे घाबरलेले असतात. त्रास अर्थात तेवढाच होतो.

आता माझी चूक. मेलमध्ये मी ‘चोरी’ लिहिलं होतं. मी पाहिली होती एका तारखेची दोन बिलं. चोरी हा माझा निष्कर्ष. चौकशीत निम्मं सिद्ध झालं, निम्मं नाही, आणि पुढे वर्षभर तो एक शब्द माझ्या तोंडावर फेकला गेला. जे पाहिलं तेवढंच लिहा. आरोप सिद्ध होईपर्यंत समोरच्यालाही बाजू असते.

मात्र आरोप पुरता सिद्ध झाला नाही म्हणून तक्रारदाराला छळायची मुभा मिळत नाही. तक्रारीचा सूड ही वेगळी तक्रार आहे आणि ती वेगळीच नोंदवावी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९च्या १९०व्या करारात छळाची तक्रार करणाऱ्यांना आणि साक्षीदारांना सूडापासून संरक्षण द्या, असं स्पष्ट म्हटलं आहे. युरोपीय संघाचा त्याच वर्षीचा निर्देश गैरप्रकार कळवणाऱ्यांसाठी आहे, आणि तो एक पाऊल पुढे जातो: कळवल्यानंतर नुकसान झालं, तर ते त्यामुळे झालेलं नाही, हे कारवाई करणाऱ्यानं सिद्ध करायचं.

पण कायद्यापर्यंत पोचायला वही लागते. “आज माझा अपमान झाला” ही नोंद कुचकामी. तारीख, वेळ, कोण हजर, नेमके शब्द, हे त्याच दिवशी लिहायचं. वही स्वतःची हवी. ऑफिसचा लॅपटॉप एका दुपारीत काढून घेतात. तोंडी हुकूम आला की “आपलं असं बोलणं झालं” एवढा दोन ओळींचा मेल टाकायचा. ऑफिसची गोपनीय कागदपत्रं मात्र घरी नेऊ नका. मग चौकशी तुमचीच लागते.

माझ्या वहीच्या १४० पानांत एक नोंद मुद्दाम नाही. बैठकीचे निरोप मला येईनासे झाल्यावर आमच्याकडची एक नवी मुलगी ते गुपचूप मला पाठवायची. सोबत एक शब्दही नसे. मी कारण विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. ती वही उद्या चौकशीत कोणाकोणाच्या हातात जाईल, हे मला ठाऊक होतं.